अवरक्त फोटॉनची एक खरी नोंद

प्रकाश हा ऊर्जेच्या सुट्या पुडक्यांनी दिला-घेतला जातो, हा विचार आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ साली मांडला आणि या पुडक्याला फोटॉन हे नाव पुढे १९२६ साली रूढ झाले. एका फोटॉनमध्ये किती ऊर्जा असते हे त्याच्या तरंगलांबीवर ठरते आणि तरंगलांबी जितकी मोठी तितकी ऊर्जा कमी, असा हा साधा व्यस्त हिशेब आहे. हिरव्या प्रकाशाच्या फोटॉनची ऊर्जा सुमारे २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते, तांबड्याची दोनच्या थोडी खाली येते आणि दृश्य प्रकाशाच्या तांबड्या टोकापलीकडे, अवरक्त भागात, १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या फोटॉनपाशी ती ०.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर उतरते. हे परिमाण किती लहान आहे याची कल्पना यावी म्हणून असे सांगता येईल, की या तरंगलांबीचा केवळ एक मिलिवॉट शक्तीचा, म्हणजे अगदी क्षीण समजला जाणारा, लेसर झोत दर सेकंदाला सुमारे ७८ कोटी कोटी फोटॉन बाहेर टाकतो. प्रस्तुत प्रकरणाचा विषय आहे तो त्यातला एकच फोटॉन, तो आला हे निश्चितपणे सांगू शकणारे उपकरण, आणि तो आला नसताना गप्प राहण्याची त्या उपकरणाची क्षमता.

या दोन गोष्टींपैकी दुसरी अधिक अवघड आहे, हे प्रथमदर्शनी लक्षात येत नाही. मानवी डोळ्याचा दाखला येथे उपयोगी पडतो. सेलिग हेश्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असे दिसले, की अंधाराला सरावलेल्या डोळ्याच्या दृष्टिपटलातील दंडपेशींनी ५ ते १४ फोटॉन शोषले तरी माणसाला प्रकाशाची चमक जाणवू शकते. दंडपेशी एकेकट्या फोटॉनलाही प्रतिसाद देते. तरीही मेंदू एका पेशीच्या सांगण्यावर विसंबत नाही, कारण त्या पेशीतील रेणू केवळ शरीराच्या उष्णतेनेही अधूनमधून तसाच बदलतो आणि नसलेल्या प्रकाशाची वर्दी देतो. अनेक पेशींची साक्ष जमेपर्यंत थांबणे हा निसर्गाने त्यावर शोधलेला उपाय आहे. फोटॉन एकटाच येणार असेल आणि दुसरी साक्ष मिळणारच नसेल, तर हा उपाय चालत नाही; आणि क्वांटम संदेशवहनात नेमकी तीच स्थिती असते.

क्वांटम संदेशवहनाची मूळ कल्पना चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी मांडली आणि तिची पहिली सविस्तर मांडणी डिसेंबर १९८४ मध्ये बंगलोर येथे भरलेल्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत झाली, ही गोष्ट भारतीय वाचकाने आवर्जून ध्यानात ठेवावी अशी आहे. दोन दूरस्थ व्यक्तींना गुप्त किल्ली, म्हणजे शून्य आणि एक या अंकांची दोघांपाशी सारखी आणि तिसऱ्या कोणालाही ठाऊक नसलेली माळ, तयार करायची असते. पाठवणारा प्रत्येक फोटॉनवर एक अंक कोरतो. त्यासाठी तो फोटॉनच्या ध्रुवणाचा, म्हणजे प्रकाशतरंगातील विद्युत्क्षेत्राच्या कंपनदिशेचा, उपयोग करतो. कधी ही दिशा आडव्या-उभ्या जोडीतून निवडतो, तर कधी तिरप्या जोडीतून. घेणाराही मोजण्यासाठी या दोहोंपैकी एक जोडी मनाला येईल तशी निवडतो, आणि नंतर दोघे उघडपणे केवळ एवढेच ताडून पाहतात, की कोणत्या फोटॉनच्या बाबतीत दोघांची जोडी एकच होती. मध्येच कोणी फोटॉन अडवून मोजला आणि त्याच्या जागी दुसरा पाठवला, तर जोडी चुकीची निवडली जाण्याची शक्यता त्यालाही टळत नाही आणि किल्लीच्या अंकांत सरासरी चारातला एक चुकू लागतो. अज्ञात अवस्थेतील एका क्वांटम कणाची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हा १९८२ साली सिद्ध झालेला नियम या सुरक्षिततेचा पाया आहे. सराईत गणिती कितीही कुशल असला आणि संगणक कितीही वेगवान असला, तरी या पायाला धक्का लागत नाही.

परंतु हाच नियम या तंत्राची अडचणही होऊन बसतो. नेहमीच्या दूरसंचारात काचतंतूतून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून, जाणारा प्रकाश वाटेत मंदावला की दर काही दशक किलोमीटरांवर वर्धक बसवून तो पुन्हा तेजस्वी करता येतो. वर्धन म्हणजे एका फोटॉनचे अनेक सारखे फोटॉन करणे, आणि प्रत काढण्यास जी मनाई हेराला आहे तीच या वर्धकालाही आहे. म्हणून पाठवलेला एकटा फोटॉन वाटेत हरवला तर तो गेलाच, आणि पोहोचला तर ज्या स्थितीत पोहोचेल त्या स्थितीत त्याची नोंद घ्यावी लागते. साऱ्या यंत्रणेचा भार अशा रीतीने घेणाऱ्याच्या बाजूच्या एका लहानशा शोधकावर, म्हणजे फोटॉनची नोंद घेणाऱ्या उपकरणावर, येऊन पडतो.

फोटॉन किती पोहोचतील हे काच ठरवते. अतिशुद्ध काचेतही घनतेचे अतिसूक्ष्म चढउतार राहतात आणि त्यांमुळे प्रकाश विखुरतो. आकाश निळे दिसण्याचे कारण असलेले हेच विकिरण तरंगलांबी वाढते तसे तिच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात घटते, त्यामुळे लांब तरंगांचा प्रकाश काचेतून अधिक दूर जातो. मात्र फारच लांब तरंगांकडे गेल्यास काचेतील अणूंची कंपनेच प्रकाश शोषू लागतात. या दोन तोट्यांमधली दरी १५५० नॅनोमीटरच्या आसपास पडते. १९७० साली जो तंतू दर किलोमीटरला २० डेसिबेलपेक्षा कमी तोटा देतो म्हणून नावाजला गेला, त्याच्या नंतर दशकभरातच, १९७९ साली, जपानमध्ये या तरंगलांबीला ०.२ डेसिबेल तोट्याचा तंतू तयार झाला, आणि आजही जमिनीखाली पुरलेल्या बहुतेक तंतूंचा तोटा याच पातळीवर आहे. ०.२ डेसिबेल याचा अर्थ असा, की दर १५ किलोमीटरला प्रकाश निम्मा होतो, १०० किलोमीटरवर शंभरातला एक फोटॉन उरतो आणि ३०० किलोमीटरवर दहा लाखांतला एक. म्हणजे जगातल्या सर्वांत पारदर्शक पदार्थांपैकी एक हाती असूनही, अंतर दर शंभर किलोमीटरने वाढले की हाती येणारे फोटॉन शंभर पटींनी कमी होतात.

अशा रीतीने ही तरंगलांबी निवडली गेली ती काचेच्या सोयीने. शोधकाची सोय त्यात पाहिलेली नाही. एकेकटा फोटॉन टिपण्यासाठी सर्वांत विश्वासू आणि स्वस्त पदार्थ म्हणजे सिलिकॉन, परंतु सिलिकॉन या फोटॉनच्या बाबतीत आंधळे आहे. अर्धसंवाहकात इलेक्ट्रॉन बांधलेल्या स्थितीतून मोकळा होण्यासाठी एक ठरावीक किमान ऊर्जा लागते, तिला ऊर्जा-अंतर म्हणतात, आणि सिलिकॉनमध्ये ते १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. पायरीची उंची १.१२ आणि उडी ०.८ असल्यामुळे १५५० नॅनोमीटरचा फोटॉन सिलिकॉनमधून काचेतून जावा तसा आरपार निघून जातो. उपग्रहावरून येणाऱ्या क्वांटम संदेशांना ही अडचण सोसावी लागत नाही. चीनने ऑगस्ट २०१६ मध्ये सोडलेल्या मिशियस उपग्रहावरून जमिनीकडे पाठवलेले फोटॉन ८५० नॅनोमीटरच्या आसपासचे होते, कारण वातावरण त्या तरंगलांबीला पुरेसे पारदर्शक आहे आणि तेथे सिलिकॉनचे शोधक उत्तम काम देतात. जमिनीवर शहरांना जोडणाऱ्या तंतूंसाठी मात्र दुसरे पदार्थ शोधणे भाग पडले.

त्या पदार्थांकडे वळण्यापूर्वी खोट्या नोंदींचा हिशेब मांडणे आवश्यक आहे, कारण या विषयातील सगळी धडपड त्या हिशेबाभोवती फिरते. पूर्ण अंधारात ठेवलेला शोधकही अधूनमधून नोंद देतो. पदार्थातील उष्णतेमुळे एखादा इलेक्ट्रॉन आपोआप सुटतो आणि फोटॉनने सोडवलेल्या इलेक्ट्रॉनमध्ये व त्याच्यात काहीही फरक करता येत नाही. या नोंदींना येथे अंधारनोंदी म्हणू. आता असे समजू, की पाठवणारा दर सेकंदाला १० कोटी स्पंद पाठवतो आणि प्रत्येक स्पंदात सरासरी अर्धा फोटॉन असतो, म्हणजे पुष्कळसे स्पंद रिकामेच जातात. घेणाऱ्याचा शोधक पाचांतला एक फोटॉन टिपतो, म्हणजे त्याची कार्यक्षमता २० टक्के आहे, आणि तो सेकंदाला १००० अंधारनोंदी देतो. फोटॉन कोणत्या क्षणी येणार हे आधीच ठाऊक असल्यामुळे दर १० नॅनोसेकंदांपैकी केवळ १ नॅनोसेकंदातल्या नोंदी धरल्या, तर या हजारांपैकी शंभरच हिशेबात येतात. १०० किलोमीटरवर खऱ्या नोंदी सेकंदाला एक लाख होतात आणि त्यांच्यापुढे शंभर खोट्या नोंदी नगण्य ठरतात. २०० किलोमीटरवर खऱ्या नोंदी १००० उरतात. खोट्या नोंदींतल्या निम्म्या योगायोगाने बरोबर आणि निम्म्या चुकीच्या निघत असल्याने ११०० पैकी ५० अंक चुकतात. साडेचार टक्क्यांची ही चूक दुरुस्त करता येते. २५० किलोमीटरवर खऱ्या शंभर आणि खोट्या शंभर असा सामना होतो आणि चुकांचे प्रमाण २५ टक्क्यांवर जाते. बेनेट-ब्रासार पद्धतीत हे प्रमाण सुमारे ११ टक्क्यांच्या वर गेले की सुरक्षित किल्ली काढता येत नाही, कारण त्या चुका उपकरणाच्या आहेत की हेराच्या हे सांगणे शक्य नसल्याने सगळ्या हेराच्याच खाती टाकाव्या लागतात. ३०० किलोमीटरवर दहा खऱ्या नोंदी शंभर खोट्यांमध्ये बुडून जातात.

या उदाहरणावरून एक गोष्ट स्पष्ट होते. शोधकाची कार्यक्षमता वीस टक्क्यांवरून शंभर टक्के केली, तरी खऱ्या नोंदी फार तर पाच पट वाढतील आणि पल्ला सुमारे ३५ किलोमीटरच पुढे सरकेल. त्याउलट अंधारनोंदी हजार पटींनी घटवल्या, तर पल्ला दीडशे किलोमीटरने वाढतो. अधिक दूर जाण्यासाठी अधिक तीक्ष्ण कानापेक्षा भास न होणारा कान हवा असतो. या क्षेत्राच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहिले, म्हणजे त्यातील अनेक वळणांचा उलगडा होतो.

पहिला उपयोगी पर्याय मिळाला तो इंडियम गॅलियम आर्सेनाइड या मिश्र अर्धसंवाहकाचा. त्यातील इंडियमचे प्रमाण गॅलियमपेक्षा किंचित अधिक, म्हणजे ५३ ला ४७ असे, ठेवले की त्याच्या स्फटिकातील अणूंची अंतरे इंडियम फॉस्फाइडच्या स्फटिकाशी तंतोतंत जुळतात आणि एकाचा थर दुसऱ्यावर निर्दोष वाढवता येतो. या मिश्रणाचे ऊर्जा-अंतर ०.७५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने ०.८ चा फोटॉन ते जेमतेम ओलांडतो. मात्र फोटॉनने एक इलेक्ट्रॉन मोकळा केला म्हणजे काम संपत नाही, कारण एका इलेक्ट्रॉनचा विद्युत्प्रवाह कोणत्याही नेहमीच्या मंडलाला जाणवण्यासारखा नसतो. म्हणून या थरांपासून बनवलेल्या डायोडवर त्याच्या सहनमर्यादेपेक्षा थोडा जास्त उलटा विद्युत्दाब दिला जातो. त्या प्रबळ क्षेत्रात मोकळा झालेला एक आवेशित कण धावताना आणखी कण उडवतो, ते पुन्हा दुसऱ्यांना उडवतात आणि डोंगरउतारावर एका ढेकळाने हिमलोट सुटावा तसा प्रवाहाचा लोट उसळतो. यावरून या उपकरणांना हिमलोट डायोड म्हणतात. लोट आपणहून थांबत नसल्याने प्रत्येक नोंदीनंतर विद्युत्दाब क्षणभर खाली आणून तो विझवावा लागतो. ऊर्जा-अंतर लहान असलेल्या पदार्थात एवढे प्रबळ क्षेत्र दिले तर इलेक्ट्रॉन फोटॉनशिवायच सुटू लागतात, म्हणून फोटॉन शोषण्याचे काम इंडियम गॅलियम आर्सेनाइडच्या थराकडे आणि लोट निर्माण करण्याचे काम मोठ्या ऊर्जा-अंतराच्या इंडियम फॉस्फाइडच्या थराकडे सोपवले जाते.

या डायोडची खरी परीक्षा लोट विझल्यानंतर होते. लोटात वाहणाऱ्या असंख्य कणांपैकी काही स्फटिकातील दोषस्थळी अडकून राहतात आणि थोड्या वेळाने सुटून नवा लोट उठवतात. जुन्या खऱ्या नोंदीचा हा खोटा प्रतिध्वनी होय. अंधारनोंदी कमी करण्यासाठी डायोड थंड करावा, तर अडकलेले कण सुटायला अधिक वेळ घेतात आणि प्रतिध्वनी लांबतात. प्रतिध्वनी लवकर संपावेत म्हणून तो कोमट ठेवावा, तर अंधारनोंदी वाढतात. व्यवहारात उणे चाळीस-पन्नास अंश सेल्सियसच्या आसपास तडजोड केली जाते आणि प्रत्येक नोंदीनंतर काही मायक्रोसेकंद शोधक मुद्दाम बंद ठेवला जातो. १० मायक्रोसेकंदांची अशी विश्रांती द्यायची म्हटले, तर शोधक सेकंदाला एक लाखापेक्षा अधिक नोंदी घेऊच शकत नाही, म्हणजे वरच्या उदाहरणातील शंभर किलोमीटरवरचा एक लाखाचा आकडाही कागदावरच राहतो. केंब्रिज येथील तोशिबाच्या प्रयोगशाळेने २००७ साली यावर एक मार्मिक तोडगा दाखवला. लोट मोठा होऊ देऊन तो ओळखण्याऐवजी, अब्जांश सेकंदाच्या आत तो कोवळा असतानाच, लगतच्या दोन कालखंडांतील संकेत एकमेकांतून वजा करून ओळखला, की अडकणारे कणच कमी होतात आणि विश्रांतीची गरज घटते. हिमलोट डायोड आजही टिकून आहेत ते अशा सुधारणांमुळे, आणि पेटीत मावणाऱ्या, विजेवर थंड होणाऱ्या त्यांच्या सुटसुटीत रूपामुळे. तथापि त्यांची कार्यक्षमता बहुधा १० ते ३० टक्क्यांतच राहते आणि भास त्यांचा पिच्छा सोडत नाहीत.

नवा मार्ग निघाला तो अतिसंवाहकतेतून. काही धातू आणि संयुगे पुरेशी थंड केली की त्यांचा विद्युत्रोध पूर्ण नाहीसा होतो, हे हाइके कामरलिंग ओनेस यांनी १९११ साली लायडन येथे पाऱ्यात पाहिले. या अवस्थेत इलेक्ट्रॉन जोडीजोडीने वावरतात आणि जोडी फोडण्यास लागणारी ऊर्जा अर्धसंवाहकातील ऊर्जा-अंतराच्या तुलनेत अतिशय लहान, म्हणजे एक इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या काही सहस्रांश एवढीच, असते. सिलिकॉनला अपुरा पडणारा अवरक्त फोटॉन येथे एकदम श्रीमंत ठरतो, कारण त्याची ०.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा शंभराहून अधिक जोड्या फोडण्यास पुरते.

मॉस्को येथील ग्रेगरी गोल्ट्समन यांनी सहकाऱ्यांसह, आणि त्यांत रॉचेस्टर विद्यापीठाचे रोमान सोबोलेव्स्कीही होते, २००१ साली या कल्पनेचे पहिले प्रात्यक्षिक प्रसिद्ध केले. नायोबियम नायट्राइडची २०० नॅनोमीटर रुंद, १ मायक्रोमीटर लांब आणि सुमारे ५ नॅनोमीटर जाड अशी पट्टी द्रव हेलियमच्या तापमानात ठेवून तिच्यातून, अतिसंवाहकता मोडायला जेवढा प्रवाह लागेल त्याच्या अगदी थोडा खाली, प्रवाह वाहवला होता. एखादा फोटॉन शोषला गेला की तेथे जोड्या फुटून एक तप्त ठिपका तयार होतो, प्रवाह त्या ठिपक्याला वळसा घालून दोन्ही कडांनी जाऊ लागतो आणि कडांवरची दाटी मर्यादेबाहेर गेल्याने पट्टीची संपूर्ण रुंदी क्षणात अतिसंवाहकता गमावते. विद्युत्रोध शून्यावरून एकदम हजारो ओहमवर जातो, प्रवाह पट्टी सोडून बाजूच्या वर्धकाकडे वळतो आणि तेथे विद्युत्दाबाचा एक ठळक स्पंद उमटतो. तोवर पट्टी पुन्हा थंड होते, प्रवाह परत येतो आणि काही दशक नॅनोसेकंदांत शोधक पुढच्या फोटॉनसाठी सज्ज होतो. येथे लोट नाही, अडकणारे कण नाहीत, म्हणून प्रतिध्वनीही नाहीत.

एवढी लहान पट्टी प्रकाशाच्या झोतासमोर नगण्य असल्याने पुढे शंभर नॅनोमीटरच्या आसपास रुंदीची लांबलचक तार नागमोडी मांडून, तंतूतून येणारा दहा मायक्रोमीटर व्यासाचा प्रकाशठिपका तिने झाकला जाऊ लागला. पाच नॅनोमीटर जाडीतून बहुतेक प्रकाश आरपार जातो, हा यानंतरचा अडसर होता. तारेमागे आरसा ठेवून आणि मधले अंतर तरंगलांबीशी जुळवून, निसटलेला फोटॉन पुन्हापुन्हा तारेवर आणण्याची योजना त्यासाठी केली गेली. तारेच्या संपूर्ण लांबीत कोठेही केसभर अरुंद जागा राहिली, तर तीच जागा साऱ्या तारेचा प्रवाह अडवते, म्हणून एकसारखेपणा हा या निर्मितीतील सर्वांत कठीण भाग ठरला. अमेरिकेतील राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्था आणि जेट प्रोपल्शन प्रयोगशाळा यांनी नायोबियम नायट्राइडऐवजी टंगस्टन सिलिसाइड वापरले. ते स्फटिकरूप नसल्याने त्यात कणांच्या सीमा नाहीत आणि म्हणून पट्टी सर्वत्र सारखी निघते. २०१३ साली या तारेने १५५० नॅनोमीटरला ९३ टक्के कार्यक्षमता गाठली आणि २०२० साली मॉलिब्डेनम सिलिसाइडच्या तारेने ९८ टक्के. त्याची किंमत थंडीच्या रूपाने मोजावी लागते, कारण नायोबियम नायट्राइडला दोन-अडीच केल्विन पुरतात, तर ही नवी संयुगे त्याहून खाली नेल्याशिवाय खुलत नाहीत. वेळेच्या बाबतीत तर या तारांनी कल्पनेपलीकडे मजल मारली आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दृश्य फोटॉनच्या आगमनाचा क्षण तीन पिकोसेकंदांपेक्षाही कमी अनिश्चिततेने सांगितला गेला, आणि तेवढ्या अवधीत प्रकाश एक मिलिमीटरही पुढे जात नाही.

आता मघाचा हिशेब पुन्हा मांडता येईल. शोधकाची कार्यक्षमता ८० टक्के आणि अंधारनोंदी सेकंदाला एक धरली, तर ३०० किलोमीटरवर खऱ्या नोंदी चाळीस आणि वेळेच्या चाळणीतून उरलेल्या खोट्या नोंदी दहा सेकंदांत एक. जेथे पहिला शोधक निरुपयोगी झाला होता, तेथे हा हजारांतल्या सुमारे एका अंकालाच चुकतो. जिनेव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली अतिअल्प तोट्याच्या तंतूतून ४२१ किलोमीटरवर किल्ली नेली, ती अशाच शोधकांच्या बळावर.

शोधकाकडून असलेल्या अपेक्षेला आणखी एक बाजू आहे. तो उष्णतेमुळे खोटे बोलणार नाही एवढे पुरत नाही. कोणी मुद्दाम पढवले तरी त्याने खोटे बोलू नये. २०१० साली वादिम माकारोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले, की हिमलोट डायोडवर सतत तेजस्वी प्रकाश पाडला तर त्यावरील विद्युत्दाब मर्यादेखाली घसरतो, एकेकटा फोटॉन ओळखण्याची त्याची शक्ती जाते आणि तो साध्या प्रकाशमापकासारखा वागू लागतो. मग हेर आपल्याला हव्या त्या वेळी, हव्या त्या शोधकात, मोजक्या तेजाचा स्पंद पाठवून नोंद करवू शकतो, आणि घेणाऱ्याची जोडी हेराच्या जोडीशी जुळत नसेल तेव्हा तो स्पंद दोन शोधकांत निम्मा-निम्मा वाटला जाऊन कोठेच नोंद होत नाही, म्हणून चुका वाढून संशयही येत नाही. अतिसंवाहक तारही तेजस्वी प्रकाशाने अशीच फितवता येते, हे त्यानंतर दिसून आले. निसर्गनियमाने दिलेली सुरक्षितता अबाधित होती. तिच्या दाराशी बसवलेला पहारेकरी मात्र झोपवता येत होता. या संशोधनाने क्वांटम संदेशवहनाचे नुकसान झाले असे मानणे चुकीचे ठरेल, कारण दोष उजेडात आल्यानेच पुढची पायरी सुचली.

होइ-क्वाँग लो आणि दोन सहकाऱ्यांनी २०१२ साली सुचवलेल्या व्यवस्थेत दोन्ही व्यक्ती फोटॉन पाठवतात आणि शोधक मध्यावरच्या तिसऱ्या ठिकाणी असतो. तेथे दोन्ही फोटॉनांची एकत्रित नोंद केवळ एवढेच सांगते, की दोघांचे अंक सारखे आहेत की वेगळे. अंक कोणते, हे ती सांगत नाही. त्यामुळे मधले ठिकाण शत्रूच्या ताब्यात असले तरी किल्ली फुटत नाही. मात्र येथे एकाच वेळी दोन फोटॉनांची नोंद व्हावी लागते, म्हणून कार्यक्षमतेचा वर्ग होतो: २० टक्क्यांच्या शोधकाकडे हाती चारच टक्के येतात, ९० टक्क्यांच्या तारेकडे ८१. अतिसंवाहक तारांशिवाय ही पद्धत कागदावरच राहिली असती असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. २०१८ साली पुढे आलेल्या जुळ्या-क्षेत्र पद्धतीत मध्यावर एकाच फोटॉनची नोंद पुरते, त्यामुळे तंतूच्या संपूर्ण लांबीऐवजी निम्म्या लांबीचाच तोटा सोसावा लागतो, आणि या मार्गाने चिनी संशोधकांनी २०२३ साली १००२ किलोमीटर लांबीच्या तंतूवर किल्ली निर्माण केल्याचे प्रसिद्ध केले.

भारतात या विषयाने गेल्या काही वर्षांत वेग घेतला आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये दिल्लीची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि संरक्षण संशोधन व विकास संघटना यांनी प्रयागराज ते विंध्याचल या शंभराहून अधिक किलोमीटरच्या मार्गावर, दूरसंचारासाठी आधीच टाकलेल्या तंतूतून, क्वांटम किल्ली पोहोचवून दाखवली. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ६००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानाला मंजुरी दिली. त्याच्या उद्दिष्टांत दोन हजार किलोमीटरपर्यंतच्या शहरांमधील किल्ली-वितरणाबरोबरच एकेकट्या फोटॉनचे स्रोत आणि शोधक देशात घडवण्याचाही समावेश आहे, आणि अभियानाच्या चार केंद्रांपैकी संवेदन व मापनाचे केंद्र मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे आहे. मुंबईतच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नायोबियम नायट्राइडच्या पातळ पटलांतील अतिसंवाहकतेचा, विशेषतः पटलातील अव्यवस्था वाढवत नेली असता ती कशी ढळते याचा, दीर्घकाळ सखोल अभ्यास झाला आहे. तो अभ्यास उपकरणासाठी केलेला नव्हता. परंतु शोधकाची तार ज्या पदार्थाची बनते तो पदार्थ अंतर्बाह्य ओळखणारे लोक आपल्याकडे आहेत, ही गोष्ट यंत्रसामग्रीच्या खरेदीपेक्षा मोलाची समजली पाहिजे.

अंधारनोंदी सेकंदाला एकाच्याही खाली आणल्यावर संशोधकांना त्यांचा एक अनपेक्षित उगम आढळला. तार अडीच केल्विनला असते, पण तिच्याकडे येणारा काचतंतू थंडपात्राबाहेर प्रयोगशाळेच्या नेहमीच्या तापमानात असतो. कोणतीही कोमट वस्तू अवरक्त किरण बाहेर टाकत असते आणि तंतूच्या बाहेरच्या टोकाकडून, त्या खोलीतील भिंती, मेज आणि माणसे यांच्या उबेतून, असे मोजके फोटॉन आत शिरून तारेपर्यंत पोहोचतात. तार त्यांची नोंद करते आणि ती नोंद खोटी म्हणताही येत नाही, कारण फोटॉन खरोखरच आलेला असतो. फक्त तो कोणी पाठवलेला नसतो. ही ऊब प्रामुख्याने १५५० नॅनोमीटरपेक्षा लांब तरंगांची असते, आणि वेटोळ्यात वाकवलेल्या तंतूतून लांब तरंग अधिक सहज निसटतात. म्हणून थंडपात्राच्या आत, तारेच्या थोडे अलीकडे, तंतूला काही लहान वेढे दिले जातात. खोलीची ऊब त्या वळणांवर गळून पडते आणि शेकडो किलोमीटरांवरून आलेला फोटॉन तेवढा तारेपर्यंत जातो.